पाच सायकली, तिसरा मजला आणि दोनच ठेवण्याचा ठराव

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे विवेचन इतरांनाही समजेल. आपण कोथरूडला लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहता आणि बाणेरच्या कार्यालयात आठवड्यातून तीन-चार वेळा सायकलने जाता. घरात एकूण पाच सायकली आहेत. वडिलांची 28 इंची अ‍ॅटलस, महाविद्यालयात असताना घेतलेली 26 इंची एमटीबी (डोंगरवाटांसाठीची माउंटन बाइक), डिस्क ब्रेकची हायब्रिड (सरळ हँडलची, थोड्या रुंद टायरची), 2020 च्या टाळेबंदीनंतर घेतलेली अ‍ॅल्युमिनियमची रोड बाइक (वाकड्या हँडलची, अरुंद टायरची), आणि सौ. अधूनमधून भाजी आणायला नेतात ती फोल्डिंग. आपल्याला वर्षातून एक-दोन बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या, 200 किलोमीटर आणि त्यापुढच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या) करायच्या आहेत, एकदा सामान लावून कोकणात उतरायचे आहे, आणि रोड बाइकवर दोन तास झाले की तळहात बधिर होतात अशी तक्रारही आपण लिहिली आहे. घरात ‘दोनच ठेवायच्या’ असा ठराव झाला असून या पाचांतल्या सर्वांत चांगल्या दोन कोणत्या, असे आपण विचारले आहे.

मी पुण्यातच सायकल दुरुस्तीचे काम करतो आणि स्वतःही लांब पल्ल्याच्या फेऱ्या करतो. ‘सर्वांत चांगल्या दोन कोणत्या’ असे विचारणारी बरीच मंडळी माझ्याकडे येतात, आणि त्यांना मी पहिली सूचना करतो ती प्रश्न बदलण्याची. किंमत, वजन आणि गिअर यांच्या हिशेबाने लावलेल्या क्रमातल्या पहिल्या दोन सायकली आपल्या उपयोगाच्या असतीलच असे नाही, कारण त्या दोघी बहुधा एकाच प्रकारचे काम करणाऱ्या असतात. खरा प्रश्न दुहेरी आहे. आपण प्रत्यक्षात कोणत्या प्रकारच्या फेऱ्या करता आणि त्या सर्व फेऱ्या कमीत कमी किती सायकलींत भागतात, हा त्याचा पहिला भाग. आपण किती सायकली कायम चालू स्थितीत ठेवू शकता, हा दुसरा भाग. या दुसऱ्या भागाकडे जवळजवळ सर्वांचे दुर्लक्ष होते. माझ्या मते सायकलींची संख्या ठरवताना घरातल्या जागेपेक्षा देखभालीला किती वेळ देता येतो, हेच अधिक महत्त्वाचे ठरते.

यातल्या काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला येथून दिसत नाहीत, हे आधीच सांगायला हवे. खाली पार्किंगमध्ये छपराखाली आणि साखळीने बांधून सायकल ठेवण्याची सोय आहे का, आपण चेन बदलणे, ब्रेक लावून घेणे अशी कामे स्वतः करता का, आणि आपल्या उंचीच्या मानाने रोड बाइकची फ्रेम योग्य मापाची आहे का, या तीन गोष्टींची उत्तरे बदलली तर माझे मतही थोडे बदलेल. ते कोठे बदलेल हे त्या त्या ठिकाणी सांगतो.

निर्णयापूर्वी एक सोपी नोंद करावी, असे मी सुचवतो. मागच्या दोन-तीन महिन्यांत घाईच्या वेळी कोणती सायकल बाहेर काढली गेली, हे आठवून कागदावर लिहा. निवांत रविवारी आपण कौतुकाने कोणतीही सायकल काढतो, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही. सकाळी उशीर झालेला असताना ज्या सायकलीच्या चाकांत हवा असते, जिचे दिवे लागतात आणि जिला कॅरिअर किंवा पिशवी लावलेली असते, तीच आपली खरी कामाची सायकल होय. आपल्या लिखाणावरून ती हायब्रिड आहे असे मला वाटते. रोड बाइकच्या 25 मिलिमीटरच्या अरुंद टायरमध्ये 90 ते 100 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा लागते आणि आठवडाभरात ती जाणवण्याइतकी उतरते, म्हणून प्रत्येक फेरीपूर्वी पंप घेऊन बसावे लागते. हायब्रिडच्या 35 मिलिमीटरच्या टायरला 50 ते 60 पीएसआय पुरते आणि चार-पाच पीएसआय कमी झाली तरी फारसे अडत नाही. फरक एवढाच आहे, पण वर्षभरात कोणती सायकल चालली आणि कोणती भिंतीला टेकून राहिली हे बहुधा त्यावरच ठरते.

आता सोपा निर्णय आधी उरकतो. हायब्रिड ठेवायची, याविषयी माझ्या मनात शंका नाही. कार्यालयाची फेरी तीच करते, पूर्ण मडगार्ड लावल्यास पावसाळ्यात तीच चालते, आणि कोकणासाठीही आपल्याकडच्या पाचांत तीच सर्वांत योग्य आहे. या शेवटच्या मुद्द्यावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण लांबचा प्रवास म्हटले की लोक रोड बाइककडे पाहतात आणि घाटात अडकतात.

सामान लादून चढताना प्रश्न वेगाचा नसतो, सर्वांत हलका गिअर किती हलका आहे याचा असतो. रोड बाइकवर सामान्यतः पुढे लहान चक्र 34 दात्यांचे आणि मागे मोठे 28 दात्यांचे असते. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे अडीच मीटर पुढे जाते. तीन चक्रांच्या हायब्रिडवर पुढे 28 आणि मागे 32 दाते असतील, तर तेच अंतर सुमारे 1.9 मीटर होते. मिनिटाला साठ फेरे ही चढावर बऱ्यापैकी आरामाची गती आहे. त्या गतीने रोड बाइकला ताशी 9 किलोमीटरच्या वर राहावे लागते, तर हायब्रिड ताशी 7 किलोमीटरच्या आतही सहज चढते. ताम्हिणीने खाली उतरताना हा फरक कळणार नाही, परंतु कोकणातून पुन्हा घाटमाथ्यावर येताना, मागे दहा-बारा किलो सामान असताना, सामान्य माणसाचा वेग आठ ते दहा टक्क्यांच्या चढावर ताशी सात किलोमीटरच्या आसपासच येतो. त्या वेळी रोड बाइकवर गुडघ्यांनी ढकलावे लागते किंवा उतरून चालावे लागते. आपल्या हायब्रिडच्या चक्रांचे दाते एकदा मोजून पाहा. मागे 28 चेच असतील तर डिरेलरला (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या यंत्रणेला) झेपेल इतकी मोठी कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बसवून घ्या. हा खर्च नवी टूरिंग सायकल घेण्याच्या मानाने अगदी किरकोळ आहे. मागच्या फोर्कवर कॅरिअरसाठी आटे पाडलेली भोके आहेत का तेही पाहा. डिस्क ब्रेकच्या काही सायकलींवर ब्रेकचा कॅलिपर (चकतीला पकडणारा भाग) कॅरिअरच्या पायाच्या आड येतो आणि त्यासाठी वेगळ्या बांधणीचे कॅरिअर घ्यावे लागते.

फोल्डिंग सायकलीविषयी माझे मत वेगळ्या कारणाने ठाम आहे. ती आपली नाही. आपण लिहिता की सौ. ती भाजीसाठी नेतात. मग तिचा निर्णय त्यांनी घ्यावा, आणि ‘दोनच’ या ठरावात ती कोणाच्या खात्यावर धरायची याचाही. आपल्या दोन सायकली टिकाव्यात म्हणून घरातल्या दुसऱ्या व्यक्तीच्या वापरातली सायकल विक्रीला काढणारे गृहस्थ मी पाहिले आहेत आणि त्यांना मी नेहमी परावृत्त करतो. शिवाय 20 इंची फोल्डिंगची सीट आणि हँडल मिनिटभरात वरखाली होतात, त्यामुळे घरातले कोणीही ती चालवू शकते, पाहुणेसुद्धा. दुमडल्यावर ती पलंगाखाली जाते. पाचांतली सर्वांत कमी जागा अडवणारी आणि सर्वांत जास्त माणसांच्या उपयोगाची सायकल तीच आहे. तिच्यावरून सिंहगड चढायला कोणी सांगितलेले नाही.

एमटीबीचे काय, याचे उत्तर मी सरळ ‘द्या’ असे देईन, पण कारण नीट सांगतो. परदेशी लेख वाचून 26 इंची चाक आता कालबाह्य झाले, त्याचे टायर मिळणार नाहीत, असे काही जण सांगतात. आपल्याकडे ते खरे नाही. भारतात मुलांच्या आणि साध्या वापराच्या सायकली आजही मोठ्या संख्येने 26 इंचीच विकल्या जातात आणि त्या मापाचा टायर तालुक्याच्या गावातही मिळतो. हलका, चांगल्या प्रतीचा टायर मात्र शोधावा लागतो. तेव्हा अडचण चाकाची नाही. अडचण अशी की आपल्या एमटीबीचे असे एकही काम नाही जे हायब्रिड करत नाही. त्या काळातल्या स्वस्त एमटीबीचे पुढचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर म्हणजे साधी स्प्रिंग असते. ती काही वर्षांत गंजते, तिच्यामुळे वजन वाढते, आणि डांबरी रस्त्यावर उभे राहून पेडल मारताना काही ताकद ती खाऊन टाकते. आपण डोंगरातल्या पायवाटांवर सायकल नेत नाही. नेत असता, तर हेच मत नेमके उलटे दिले असते.

यावर एक योग्य आक्षेप आहे. पावसाळ्यात आणि चोरीच्या भीतीच्या ठिकाणी न्यायला एखादी जुनी सायकल असावी, असे अनुभवी लोक सांगतात. आपल्याला रोज सायकल रेल्वे स्थानकाबाहेर किंवा बाजारात दिवसभर उघड्यावर उभी करायची असती, तर मीही एमटीबी ठेवायला सांगितले असते. परंतु कार्यालयाच्या आवारात सुरक्षित जागा असल्याचे आपण लिहिले आहे. राहिला पाऊस. पावसाळ्यात हायब्रिडची एक चेन आणि ब्रेकच्या पॅडची एक जोडी झिजेल, आणि तो खर्च वर्षभर दुसरी सायकल सांभाळण्याच्या खर्चापेक्षा कमीच आहे. पाऊस संपल्यावर चेन धुऊन, पुसून, तेल घालून ठेवली की झाले.

आता अवघड जागेवर येतो, म्हणजे रोड बाइकवर. ती ठेवावी की विकावी याचे उत्तर मी आज देणार नाही, कारण आपण तिला अजून न्याय दिलेला नाही असे मला वाटते.

प्रथम बीआरएमचा मुद्दा बाजूला काढू. बीआरएम म्हटले की रोड बाइक हवीच, ही समजूत वेळेचे गणित न केल्यामुळे होते. 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, 300 साठी 20, 400 साठी 27 आणि 600 साठी 40. म्हणजे खाणेपिणे, पंक्चर आणि नियंत्रण केंद्रांवरचा (वाटेत हजेरी नोंदवण्याच्या ठिकाणांवरचा) वेळ धरून ताशी साधारण 15 किलोमीटरची सरासरी राखायची असते. चालत्या सायकलीचा वेग ताशी 20 च्या आसपास असेल आणि थांबे आटोपशीर असतील, तर हायब्रिडवर 200 ची बीआरएम वेळेत पूर्ण होते. अनेक जण तशी करतातही. तेव्हा केवळ वर्षातून एक-दोनदा 200 करायची म्हणून रोड बाइक ठेवण्याची गरज नाही.

रोड बाइकचा खरा फायदा अंतर वाढल्यावर दिसतो, आणि तो वेगाइतकाच हातांचा असतो. वाकड्या हँडलवर हात ठेवण्याच्या तीन-चार जागा असतात. रात्रभर सायकल चालवताना दर थोड्या वेळाने पकड बदलता येते, समोरून वारा असेल तर खाली वाकता येते. सरळ हँडलवर एकच पकड राहते आणि दहा-बारा तासांनंतर मनगटे बोलू लागतात. परंतु आपल्याला हे सुख मिळतच नाही, उलट दोन तासांत तळहात बधिर होतात. याचा अर्थ सायकल वाईट आहे असा होत नाही. तिची जुळणी आपल्या शरीराशी झालेली नाही, असा होतो. 2020 मध्ये गिअरच्या सायकलींना अशी अचानक मागणी आली होती की दुकानात जे माप उरले असेल ते लोक घेऊन गेले. त्यांतल्या कितीतरी सायकली ‘मला रोड बाइक मानवत नाही’ या निष्कर्षासह नंतर धूळ खात पडल्या. आपली सायकलही त्याच काळातली आहे, म्हणून मला ही शंका येते.

तळहात बधिर होतात तेव्हा शरीराचा बराच भार हातांवर आलेला असतो. त्याची कारणे मी ज्या क्रमाने तपासतो तो सांगतो. पहिली तपासणी सीटची. सीटचे नाक खाली झुकलेले असेल तर माणूस सतत पुढे घसरतो आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो. सीट पातळीत आणली एवढ्यावरच काही जणांची तक्रार संपते. दुसरी सीटच्या उंचीची. पायांतल्या चपला काढून, भिंतीला पाठ लावून, जमिनीपासून जांघेपर्यंतचे माप घ्यावे आणि त्याला 0.883 ने गुणावे. क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर साधारण तेवढे असावे. हे सूत्र अंतिम नव्हे, आरंभ करण्यापुरते आहे. सीट गरजेपेक्षा उंच असेल तर हँडल आपोआप खाली गेल्यासारखे होते. तिसरी तपासणी हँडलपर्यंतच्या अंतराची. स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा आडवा तुकडा) 100 मिलिमीटरचा असेल तर 80 चा लावून पाहावा, आणि स्टेमच्या वर कड्या घातलेल्या असतील तर त्या त्याच्या खाली घेऊन हँडल उंच करावे. स्टेम ही महाग वस्तू नाही. शेवटी टायर. फ्रेममध्ये आणि ब्रेकमध्ये जागा असेल तर 25 च्या ऐवजी 28 मिलिमीटरचे टायर घालून हवा थोडी कमी ठेवली, की खडबडीत रस्त्याचे हादरे हातांपर्यंत कमी पोहोचतात. आपल्या शहरातल्या रस्त्यांवर 28 च्या खाली जाण्याचे कारण मला कधीच पटलेले नाही.

हे सारे केल्यावर रोड बाइकवर एक मोठी फेरी करा, चार-पाच तासांची तरी. दिवे घाटाने सासवडकडे जाऊन बोपदेव घाटाने परत येणे हे अंतराने फार मोठे नाही, परंतु चढ, उतार आणि सपाट असे तिन्ही मिळते, म्हणून पारखण्यासाठी चांगले आहे. तीच फेरी दुसऱ्या एका सुट्टीच्या दिवशी हायब्रिडवर करा. हात दुखायचे थांबले आणि रोड बाइकवर जावेसे वाटले, तर ती आपली दुसरी सायकल. मापच चुकलेले असेल, म्हणजे स्टेम इतका आखूड करावा लागत असेल की सायकल वळवताना हँडल बावचळते, तर ती लवकर विकावी. रिम ब्रेकच्या (चाकाच्या कडेवर घासणाऱ्या ब्रेकच्या) रोड बाइकला खरेदीदार कमी होत चालले आहेत, कारण नव्या सायकली डिस्क ब्रेकच्या येतात. तिची उपयुक्तता तितकीच राहील, किंमत मात्र दर वर्षी उतरत जाईल.

रोड बाइक विकण्याचे ठरलेच, तर हायब्रिडलाच वाकडे हँडल लावावे का, असा विचार मनात येईल. माझा सल्ला नकारार्थी आहे. हायब्रिडची फ्रेम सरळ हँडल धरून लांब बनवलेली असते. वाकडे हँडल लावले की पकड आणखी पुढे जाते आणि हाताचा त्रास परत येतो. शिवाय ब्रेक आणि गिअरचे लिव्हर बदलावे लागतात, ते जुन्या ब्रेकशी आणि डिरेलरशी जुळतीलच असे नाही, आणि बेरीज केली की एक जुनी रोड बाइक आली असती इतका खर्च होतो. त्यापेक्षा हँडलच्या टोकांना किंवा पकडीच्या आतल्या बाजूला बसणारे छोटे बार एंड (पुढे आलेले दांडे) लावा. दुसरी पकड मिळते आणि काम भागते. आपल्या हायब्रिडवर बीआरएमपुरते 32 मिलिमीटरचे गुळगुळीत टायर चढवले, तर फरक आपल्याला पहिल्या चढावरच जाणवेल. दोन सायकलींचे भाग एकत्र करून एक उत्तम सायकल तयार करण्याच्या बेतापासूनही सावध राहा. रिम ब्रेकच्या रोड बाइकचे मागचे हब (चाकाचा मधला भाग) 130 मिलिमीटर रुंद असते, हायब्रिडचे 135 किंवा त्याहून अधिक. चाके बदलून वापरता येणार नाहीत. पेडल, दिवे, पिशव्या आणि कधी सीट एवढेच निर्धास्तपणे इकडचे तिकडे करता येते.

कोणतीही सायकल ठेवण्याचे नक्की करण्यापूर्वी तिची तपासणी व्हावी, नाहीतर जिवापाड जपून ठेवलेली सायकलच वर्षभरात मोठा खर्च काढते. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर जोडांजवळ रंगात केसासारखी रेघ दिसते का ते पाहा, विशेषतः क्रँकच्या आसाभोवती आणि हँडलच्या नळीखाली. रंगाचा ओरखडा आणि भेग यांतला फरक नखाने कळला नाही, तर जाणकाराला दाखवा. भेग असलेली फ्रेम ठेवायचीही नाही आणि विकायचीही नाही. रिम ब्रेकच्या चाकाच्या कडेवर पट्टी आडवी धरून पाहा. ब्रेक जेथे घासतो तो भाग आत खोलगट झाला असेल, तर रिमचे आयुष्य संपत आले आहे, आणि पावसातल्या चिखलवाळूने हे अपेक्षेपेक्षा लवकर होते. चेनचे माप साध्या फूटपट्टीने घेता येते. नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्या (आतली आणि बाहेरची मिळून एक) बरोबर 12 इंच भरतात. त्या एक सोळांश इंचाने लांबल्या असतील तर चेन बदलावी, एक अष्टमांश इंचाने लांबल्या असतील तर कॅसेटही बदलावी लागेल असे धरून चालावे. सीट पोस्ट (सीटखालची दांडी) वरखाली हलतो का हेही पाहा. अनेक वर्षे न हलवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट लोखंडी नळीत असा धरतो की तो काढताना फ्रेम खराब होते. आपल्या एमटीबीत हे झाले असण्याची शक्यता अधिक, आणि तसे असेल तर ती ज्याला द्यायची त्याच्या उंचीला ती आहे तशी जुळते का, हे आधी पाहावे लागेल.

आता राहिली वडिलांची अ‍ॅटलस. तिला मी ‘दोन’ या आकड्यात धरतच नाही आणि आपणही धरू नये, कारण तिचा निर्णय उपयोगाच्या हिशेबाने लागत नाही. परंतु आठवण म्हणून ठेवायची आणि पार्किंगच्या कोपऱ्यात पावसात भिजवायची, हा सर्वांत वाईट पर्याय आहे, आणि दुर्दैवाने बहुतेक घरांत तोच घडतो. तिसऱ्या मजल्यावर ही सायकल रोज कोणी नेणार नाही, वीस किलोच्या आसपास तिचे वजन भरेल.

सोनिपतची अ‍ॅटलस कंपनी 1951 मध्ये सुरू झाली आणि तिच्या साहिबाबादच्या कारखान्यातले उत्पादन 2020 मध्ये 3 जूनला, नेमके जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, थांबले. त्यामुळे आता सुटे भाग मिळणार नाहीत असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात या दांडीच्या सायकलींची मापे सर्व कंपन्यांची जवळजवळ सारखीच आहेत. 28 गुणिले दीड इंचाचा टायर, पुढच्या चाकाला 32 आणि मागच्याला 40 आरे, कॉटर पिनने (पाचरीसारख्या खिळ्याने) बसवलेले क्रँक, सळईचे ब्रेक. लुधियानाकडून अशा सायकली आणि त्यांचे भाग अजून येतात, आणि पेठांतल्या जुन्या दुकानांत ब्रेकचे शू, कॉटर पिन, कप-कोन, छर्रे सगळे मिळते. कारागीर मात्र जुन्या पद्धतीचे काम येणारा शोधा. कॉटर पिन हातोडीने काढताना खालून आधार दिला नाही तर क्रँक आणि बेअरिंग दोन्ही दुखावतात, आणि हे तंत्र गिअरच्या सायकलींच्या नव्या दुकानांत सर्वांना येतेच असे नाही. रंग उडाला असेल तरी पुन्हा रंगवू नका, असे मी आवर्जून सांगेन. मूळ रंग, पट्ट्या आणि हँडलखालच्या नळीवरचा बिल्ला यांतच या सायकलीचे रूप असते. गंज रॉकेलच्या फडक्याने पुसून वर पातळ तेलाचा हात फिरवला की पुरे. असे काम कसे दिसते ते पाहायचे असेल तर आपल्या जवळच, कर्वेनगरला, विक्रम पेंडसे यांचे जुन्या सायकलींचे संग्रहालय आहे, तेथे एकदा जाऊन या.

आपण मिरजेच्या घराचा उल्लेख केला आहे आणि तेथे चुलतभाऊ राहतात असे लिहिले आहे. ते किंवा त्यांच्या घरातले कोणी ही सायकल खरोखर चालवणार असेल, तर माझ्या मते ती तेथे जावी. कृष्णाकाठचा तो मुलूख बराचसा सपाट आहे आणि ही सायकल अशाच रस्त्यांसाठी बनली आहे. सळईचे ब्रेक ओल्या क्रोमच्या रिमवर जेमतेम धरतात, म्हणून पुण्याच्या उतारांवर पावसात ती मी कोणालाही चालवू देणार नाही. रेल्वेने पार्सल म्हणून सायकल पाठवता येते. पाठवण्यापूर्वी ओव्हरहॉल येथेच करून घ्या, तेथे नेऊन ‘नंतर बघू’ म्हटले की ती तशीच उभी राहते. तेथे कोणी चालवणारे नसेल तर केवळ जागा बदलण्यासाठी ती पाठवू नका. मग फोल्डिंगप्रमाणे तिलाही ठरावाबाहेरची जागा घरात मागून घ्यावी लागेल. आपल्या सौ. या सायकलीविषयी काय म्हणतात हे आपण लिहिलेले नाही, पण वडिलांच्या सायकलीसाठी घरात बहुधा जागा निघते, रोड बाइकसाठी निघत नाही.

विकण्याविषयी आणि देण्याविषयी थोडे व्यावहारिक. एमटीबी विकून फारसे पैसे येणार नाहीत. दोन टायर, ट्यूब, चेन, फ्रीव्हील आणि केबल बदलून ती चालती करण्याचा खर्च कदाचित विक्रीच्या किमतीइतकाच होईल. म्हणून ती कोणाला तरी द्यावी हे बरे, परंतु चालती करूनच द्यावी. इमारतीच्या रखवालदाराला किंवा कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाला मोडकी सायकल देणे म्हणजे आपला दुरुस्तीचा खर्च त्याच्या गळ्यात घालणे होय. त्याला ती हवी आहे का, हेही आधी विचारावे. रोड बाइक विकायची झाल्यास पावसाळ्यानंतर काढा, कारण थंडीत पुण्यात सायकलींची चौकशी वाढते. जाहिरातीत फ्रेमचे माप, गिअरची संख्या आणि असलेले दोष स्पष्ट लिहा. क्रँकखाली कोरलेला फ्रेम क्रमांक आणि मूळ पावती तयार ठेवा. चोरीच्या सायकलींमुळे समजूतदार खरेदीदार पावती मागतोच. पावती हरवली असेल तर फ्रेम क्रमांक, दिनांक आणि दोघांच्या सह्या असलेला कागद करून द्यावा. लावलेले दिवे, मीटर, बाटलीची जाळी यांचे पैसे स्वतंत्रपणे मिळत नाहीत, तेव्हा ते काढून हायब्रिडला लावा.

ठेवलेल्या सायकलींपैकी एक काही महिने उभी राहणार असेल, तर तिच्या टायरांत हवा असू द्या, कारण बसलेल्या टायरच्या बाजू चिरतात. वर प्लॅस्टिक घालू नका, आत दमटपणा कोंडतो. जुनी चादर चांगली. हायब्रिडचे डिस्क ब्रेक तेलाचे असतील आणि ती भिंतीला उभी टांगलेली असेल, तर खाली उतरवल्यावर निघण्यापूर्वी लिव्हर चार-पाच वेळा दाबून पाहा. तो मऊ लागला तर नळीत हवा आहे आणि ब्लीडिंग (ती हवा काढण्याचे काम) करून घ्यायला हवे.

रोड बाइकच्या फ्रेमवर 52, 54 असा किंवा अक्षरात जो मापाचा उल्लेख असेल तो, आपले जांघेपर्यंतचे माप, आणि स्टेमच्या बाजूला छापलेला आकडा, एवढे कळवा. हायब्रिडच्या पुढच्या आणि मागच्या चक्रांचे दातेही मोजून लिहा. त्यावरून रोड बाइकची जुळणी होण्याजोगी आहे की नाही, आणि कोकणासाठी कोणती कॅसेट बसेल, हे मला अधिक नेमकेपणाने सांगता येईल.